विचारा तर खरं : सेन्सर, कोड आणि समोर थांबलेला माणूस

मागच्या अंकात प्रकाशाच्या मांडणीबद्दल लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की प्रेक्षक हलला की चित्र हलतं अशी कामं आता घरच्या लॅपटॉपवर पण करता येतात. त्या एका ओळीवर इतके मेल आले की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काही थोडे छाटलेत.

प्रश्न : ताई, मी अप्लाइड आर्टच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सहकारनगरला राहते. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी माझ्या डोक्यात असं आहे की भिंतीवर प्रोजेक्टरने ठिपक्यांची रांगोळी दिसेल आणि माणूस जवळ आला की ती उमलत जाईल. कोडिंग शून्य येतं. एक मित्र म्हणतो आधी पायथन शिक, दुसरा म्हणतो सी प्लस प्लसशिवाय काही खरं नाही, सीनियर म्हणते सरळ टचडिझायनर हे सॉफ्टवेअर घे. आर्डुइनो (सेन्सर जोडायचा छोटा बोर्ड) पण घ्यायचं का? हातात तीन महिने आहेत, पैसे फार नाहीत.

उत्तर : तुझ्या पत्रात मला सगळ्यात काय आवडलं तर तू आधी माणूस काय करेल ते लिहिलंस आणि मशीनचं नंतर विचारलंस, बहुतेक जण उलट करतात, बोर्ड आणतात आणि मग याचं काय करू म्हणून विचारतात. 

आता भाषेचं. कुठलीही भाषा आधी पूर्ण शिकायच्या भानगडीत पडू नकोस, तीन महिने त्यातच जातील. तुला चित्र काढायचंय तर चित्र काढणाऱ्यांसाठी बनवलेलं साधन घे. 2001 मध्ये एमआयटीमध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी प्रोसेसिंग सुरू केलं ते याचसाठी, डिझाइन आणि आर्टच्या लोकांना दोन-चार ओळी लिहिल्या की लगेच स्क्रीनवर काहीतरी दिसावं म्हणून. त्याच वळणावर पुढे लॉरेन मॅकार्थीने पी-फाइव्ह-जेएस सुरू केलं, ते ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे, काही इन्स्टॉल करायला नको, त्याची साइट हिंदीतही आहे. तिथून सुरुवात कर.

आणि ठिपक्यांची रांगोळी हा तर कोडिंगचा फार सुंदर पहिला धडा आहे. आडव्या ओळीसाठी एक लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला सांगणं, त्याच्या पोटात उभ्या ओळीसाठी दुसरा लूप, 15 बाय 15 घेतलंस की 225 ठिपके एका झटक्यात स्क्रीनवर. मग प्रत्येक ठिपका माउसच्या टोकापासून किती लांब आहे ते मोजायचं, त्यासाठी तयार फंक्शन आहे, आणि त्या अंतरावरून ठिपक्याचा आकार किंवा रंग ठरवायचा. म्हणजे तुझा पहिला सेन्सर माउसच. पहिला महिना सेन्सर विकत घेऊच नकोस, माउसलाच माणूस समज आणि रांगोळी कशी उमलते, किती वेगाने, कुठून सुरू होते, माणूस निघून गेल्यावर ती पटकन मिटते की रेंगाळते, हे सगळं तिथेच ठरव. माउसवर जे बघायला मजा येत नाही ते सेन्सर लावल्यावर येणार नाही, हे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

मग माणूस ओळखायचे दोन सोपे रस्ते. एक वेबकॅम, लॅपटॉपमध्येच असतो त्यामुळे फुकट. पण तुझ्या कामात प्रोजेक्टर आहे आणि तिथे एक अडचण येते: कॅमेऱ्याला माणसाबरोबर भिंतीवरची हलणारी रांगोळी पण दिसते, त्याला वाटतं तीच कोणीतरी हलतंय, मग रांगोळी स्वतःलाच बघून उमलत बसते. यावर उपाय म्हणून मोठ्या कामांत इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे, कॅमेरा आणि दिवे लावतात, कारण प्रोजेक्टरच्या उजेडात इन्फ्रारेड जवळजवळ नसतो, पण साध्या वेबकॅममध्ये इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर आत चिकटवलेला असतो, तो काढायचा वगैरे. पहिल्या कामाला नको.

म्हणून दुसरा रस्ता, आर्डुइनो उनो आणि एचसी-एसआर-04, तो दोन डोळ्यांसारखा दिसणारा अल्ट्रासोनिक सेन्सर. तो 40 किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, आपल्याला ऐकू येत नाही, आणि तो आदळून परत यायला किती मायक्रोसेकंद लागले ते सांगतो, त्याला 58 ने भागलं की सेंटीमीटर. 2 सेंटीमीटर ते 4 मीटर असं त्याचं कागदावर अंतर आहे, माणसांच्या बाबतीत मी अडीच मीटरच्या पुढे त्याच्यावर भिस्त ठेवत नाही. कारण मऊ कपडा आवाज पिऊन टाकतो, जाड शाल किंवा स्वेटर असेल तर प्रतिध्वनी नीट परत येत नाही, माणूस तिरका उभा असेल तरी आवाज भलतीकडे जातो.

आणि इथेच बहुतेकांचं मन खट्टू होतं. समोर माणूस शांत उभा आहे आणि आकडे येतात असे: 84, 85, 84, 311, 85. तो 311 म्हणजे सेन्सर बिघडला नाही, एक प्रतिध्वनी हुकला एवढंच, पण तुझी रांगोळी मात्र त्या क्षणी दचकते. लोक लगेच सरासरी काढायला जातात, पण या पाचांची सरासरी येते 129.8, म्हणजे एका चुकार आकड्याने बाकीच्या चारांना ओढून नेलं. त्यापेक्षा पाच आकडे लहान ते मोठे लावायचे आणि मधला उचलायचा, तो येतो 85. आधी हे करायचं आणि मग त्यावर हळुवारपणा आणायला जुन्या किमतीचे 0.9 आणि नव्याचे 0.1 असं मिसळत जायचं. या दोन-तीन ओळींनी सगळं काम बदलतं, रांगोळी एकदम श्वास घेतल्यासारखी हलायला लागते. शिवाय हद्द एक ठेवू नकोस, दोन ठेव. 100 सेंटीमीटरच्या आत आला की सुरू आणि 130 च्या बाहेर गेला की बंद, नाहीतर माणूस बरोब्बर 100 वर उभा राहिला तर नुसती लुकलुक लुकलुक होत राहते.

आर्डुइनोचे आकडे प्रोसेसिंगला यूएसबीच्या वायरीतूनच जातात, दोघांची सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि आर्डुइनोचा जुना एडिटर (कोड लिहायची खिडकी) प्रोसेसिंगच्याच घराण्यातून आला म्हणून तो अगदी तसाच दिसायचा. पी-फाइव्हमधून प्रोसेसिंगमध्ये यायला थोडं लिखाण बदलावं लागेल पण विचार तोच. एक लक्षात ठेव, आर्डुइनोचा सीरियल मॉनिटर (आलेले आकडे दाखवणारी खिडकी) उघडा असेल तर प्रोसेसिंगला पोर्ट मिळत नाही, पोर्ट बिझी म्हणून लाल अक्षरं येतात, मॉनिटर बंद केला की काम होतं. आणि आर्डुइनो धडाधड आकडे पाठवत सुटलं तर प्रोसेसिंग मागे पडतं आणि माणूस आत्ता हलला तर चित्र काही सेकंदांनी हलतं, तेव्हा दोन आकड्यांमध्ये 20-30 मिलिसेकंद जाऊ दे.

टचडिझायनर वाईट नाही, उलट फार ताकदीचं आहे, डबे वायरींनी जोडत जायचे, आणि नॉन-कमर्शियल आवृत्ती फुकट आहे, 1280 बाय 1280 च्या वर चित्र देत नाही एवढंच बंधन. पण त्याला बरं ग्राफिक्स कार्ड लागतं आणि तयार इफेक्ट इतके देखणे आहेत की स्वतःचं काय करायचं होतं ते विसरायला होतं. दुसऱ्या कामाला घे.

आता माझं एक मत, पटलं तर बघ. "जवळ आला की उमलते" हे पहिल्या पाच सेकंदात कळतं आणि सहाव्या सेकंदाला माणूस निघून जातो. त्याऐवजी थांबला की उमलते असं करून बघ. चालत गेला तर नुसते ठिपके, उभा राहिला तर रेषा एकेक करून जोडल्या जातात आणि पूर्ण रांगोळी व्हायला मिनिटभर लागतं. सेन्सर तोच, फक्त अंतराऐवजी तू थांबण्याचा वेळ मोजतेस. दारात रांगोळी काढणारी बाई तेवढा वेळ वाकून बसलेली असते, बघणाऱ्याने पण थोडा वेळ दिला तर त्या चित्राशी त्याचं नातं जुळतं असं मला मनापासून वाटतं. पण हे माझ्या सांगण्यावरून ठरवू नकोस, दोन्ही प्रकार करून कॉलेजच्या पॅसेजमध्ये लाव आणि लांब उभी राहून लोकांकडे बघ. कुणाला काही समजावून सांगायचं नाही, "इकडे उभे राहा" पण म्हणायचं नाही. लोक कुठे थांबतात, काय करून बघतात, मैत्रिणीला हाक मारून आणतात का, ते वहीत लिहून ठेव.

हो, आणि प्रोजेक्टर वर टांग किंवा बाजूला लाव, समोरून लावलास तर जवळ आलेल्या माणसाची सावलीच रांगोळीवर पडेल.

प्रश्न : आमचं नारायण पेठेत छोटं मंडळ आहे. दरवर्षी हलता देखावा करतो. यंदा असं ठरतंय की माणसं समोर आली की देखावा आपोआप सुरू व्हावा. पीआयआर सेन्सर आणला, ऑफिसात मस्त चालला, पण मांडवात ट्रायल घेतली तर सारखा चालूच राहतो. शिवाय मोटर सुरू झाली की आर्डुइनो रीसेट होतंय. काय करावं?

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण इंटरॅक्टिव्ह आर्ट म्हणून जे परदेशी गॅलऱ्यांचं म्हणून बघितलं जातं त्यातलं अर्धं अंग, म्हणजे मोटर, कॅम (वाकडी फिरणारी चकती), तरफा, योग्य वेळी योग्य हात हलणं, हे पेठांमधल्या कारागिरांना पिढ्यानपिढ्या येतंय, फक्त त्याला सेन्सर नव्हता.

पीआयआर बिघडलेला नाही. तो माणूस ओळखत नाही, तो समोरच्या उष्णतेत झालेला बदल ओळखतो, त्यामुळे रात्री पेठेत गर्दी लोटली की त्याला सतत बदलच दिसतो, आणि उलट एखादा माणूस अगदी स्तब्ध उभा राहिला तर त्याला तो दिसत पण नाही. ऑफिसात एक माणूस येतो-जातो तिथे तो बरोबर आहे. गणपतीच्या गर्दीत समोर माणूस आहे का हा प्रश्नच फोल आहे, माणसं आहेतच. 

म्हणून मी म्हणेन भाविकाला काहीतरी मुद्दाम करू द्या. मांडवात घंटा असतेच ना, ती वाजवली की देखावा सुरू. लहान मुलाला उचलून घेऊन बाप घंटा वाजवायला लावतोच, सूचनेची पाटी पण लागणार नाही. आता घंटा ओळखायला माईक किंवा पिएझो (थरथर ओळखणारी चकती) लावायचा मोह होईल, तो टाळा, कारण बाहेर ढोल-ताशा सुरू झाला की मांडवाचे बांबू सुद्धा थरथरतात आणि पिएझोला प्रत्येक ठोका म्हणजे घंटाच वाटणार. त्यापेक्षा रीड स्विच घ्या, काचेची बारीक नळी असते, आत दोन पात्या, लोहचुंबक जवळ आलं की त्या चिकटतात. दाराच्या अलार्मला असतो तोच. घंटेच्या दोरीला किंवा लोलकाला छोटं चुंबक बांधायचं, शेजारी न हलणाऱ्या पट्टीवर स्विच. त्याला ढोलाशी काही देणंघेणं नाही. काच आहे म्हणून पाय वाकवताना जपून, नाहीतर प्लास्टिकच्या कवचातला मिळतो तोच घ्या.

स्विचची वायर आर्डुइनोपर्यंत लांब असेल तर ती रोषणाईच्या वायरींबरोबर एकत्र बांधू नका, वेगळी न्या, पिळून न्या, आणि आर्डुइनोच्या आतला पुल-अप (स्विच उघडा असताना पिन डळमळू न देणारा रेझिस्टर) अशा लांब वायरीला कमजोर पडतो म्हणून बाहेरून 4.7 किलोओहमचा लावा. घंटा एकदा वाजवली तरी स्विच चार-पाच वेळा उघडझाप करतो, तेव्हा एकदा सुरू झालं की देखावा पूर्ण होईपर्यंत पुढच्या घंटांकडे लक्ष द्यायचं नाही असं कोडमध्ये लिहा. पण एक करा, त्या मधल्या घंटांना पण छोटं उत्तर ठेवा, एखादा दिवा उजळू दे. नाहीतर रांगेतल्या पुढच्या पोराला वाटतं आपली घंटा देवाने ऐकलीच नाही, आणि ते मला बघवत नाही.

रीसेटचं कारण बहुधा मोटर आणि आर्डुइनो एकाच सप्लायवर आहेत. गाडीच्या वायपरची मोटर वापरत असाल तर ती 12 व्होल्टवर सुरू होताना मोठा करंट ओढते, सप्लाय क्षणभर बसतो आणि आर्डुइनो पहिल्यापासून सुरू होतं. मोटरला वेगळा सप्लाय द्या. मॉस्फेटने (मोटर चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरने) चालवत असाल तर दोन्ही सप्लायची ग्राउंड, म्हणजे उणे टोकं, जोडलेली हवीत आणि मोटर बंद होताना येणारा झटका जिरवायला तिच्यावर उलटा डायोड हवाच. ऑप्टो असलेला रिले (उजेडाने इशारा घेणारा विजेचा स्विच) घेऊन दोन्ही बाजू वेगळ्या ठेवल्या तर आणखी चांगलं.

एलईडीच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या लावणार असाल तर हिशोब आधी करा. डब्ल्यूएस-2812 जातीच्या पट्टीतला एक दिवा पूर्ण पांढरा लावला तर साधारण 60 मिलीअँपिअर घेतो, 300 दिवे म्हणजे 5 व्होल्टवर 18 अँपिअर. हे आर्डुइनोच्या पिनवरून मिळत नाही, आणि एकाच टोकाने वीज दिली तर लांबचे दिवे पिवळट पडतात, दर थोड्या अंतराने नवीन वायर सोडा.

230 व्होल्टला मात्र स्वतः हात लावू नका. तेवढं लायसनवाल्या वायरमनकडूनच, अर्थिंग आणि ईएलसीबीसकट (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच), भाद्रपदातला पाऊस आणि लोखंडी मांडव आहे, मुलं सगळीकडे हात लावतात. यात काटकसर करू नका, हात जोडून सांगते.

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. सेन्सर, कोड सगळं येतं. हाताच्या हालचालीवर रंग बदलणारी एलईडीची भिंत केली, सगळे म्हणतात "छान प्रोजेक्ट आहे". मला ते कलाकृती म्हणून बघायला हवंय. नक्की काय कमी पडतंय?

उत्तर : तुझ्या भिंतीत हात हलला की रंग बदलतो, बरोबर, पण हाच रंग का आणि हाच हात का याचं उत्तर तुझ्याकडे आहे का? ते नसेल तर बघणारा फक्त यंत्रणा बघतो, आणि यंत्रणा चांगली असेल तर तो प्रामाणिकपणे छान प्रोजेक्ट म्हणतो.

तीन कामं बघ. कमिल अटरबॅक आणि रोमी अचितुव यांचं 1999 चं टेक्स्ट रेन. पडद्यावर तू स्वतः दिसतोस आणि वरून अक्षरं पावसासारखी पडतात, तुझ्या डोक्यावर, खांद्यावर, पसरलेल्या हातावर येऊन थांबतात. ती अक्षरं एका कवितेतली आहेत, हात नीट पसरलेस तर ओळ जुळते आणि वाचता येते. तंत्र बघशील तर काही नाही, गडद पिक्सेल आला की अक्षर थांबतं. पण वाचायला अंग वापरावं लागतं, आणि दोन अनोळखी माणसं मिळून अक्षरं झेलायला लागतात.

दुसरं, डॅनियल रोझिनचा लाकडी आरसा, तोही 1999 चा. 830 लाकडी तुकडे, प्रत्येकाच्या मागे मोटर, मधे कॅमेरा. तू समोर आलास की तुकडे वर-खाली कलतात, उजेड कमी-जास्त पकडतात आणि लाकडात तुझा चेहरा उमटतो. आणि तिसरं राफाएल लोझानो-हेमर याचं 2006 चं पल्स रूम. खोलीभर साधे टंगस्टनचे बल्ब टांगलेले, धातूच्या मुठी हातात धरल्या की एक बल्ब तुझ्या नाडीने लुकलुकायला लागतो, आणि सोडलंस की तुझी नाडी रांगेतल्या पुढच्या बल्बमध्ये सरकते आणि आधी येऊन गेलेल्यांच्या शेजारी जाऊन बसते. इथे सेन्सर व्यायामशाळेतल्या ट्रेडमिलवर असतो तसलाच. पण आपल्या आधीचे लोक खोलीत आहेत आणि नवीन माणूस आला की सगळ्यात जुना बाहेर पडतो, हे कळल्यावर पोटात कालवतं.

तेव्हा तुला अभ्यास देते. तुझ्याकडच्या कुठल्याही एका सेन्सरवर चार वेगवेगळी उत्तरं लिही, नवीन काही विकत न आणता. जवळ आलं की उजेड वाढतो हे झालं एक. जवळ आलं की सगळं गप्प होतं आणि लांब गेलं की परत सुरू होतं, पाखरांसारखं, हे दुसरं. तिसऱ्यात कालच्या माणसांचं काहीतरी आज उरलेलं असू दे, म्हणजे आकडे साठवावे लागतील. चौथं एका माणसाला जमूच नये, दोघांनी मिळूनच करावं लागेल असं. चारही घरच्यांना दाखव, आणि त्यांनी ज्याच्याबद्दल जेवताना पुन्हा विषय काढला त्याच्यावर काम कर. इंजिनिअर म्हणून तुला एक मोठा फायदा आहे तो पण वापर, प्रतिसाद 100 मिलिसेकंदांच्या आत आला तर माणसाला तो आपल्याच हालचालीचा वाटतो, त्यापेक्षा उशीर झाला तर मशीनशी बोलल्यासारखं होतं. आर्टच्या मुलांना हे जमवायला वेळ लागतो, तुला हातखंडा आहे.

प्रश्न : पुण्यात सामान कुठे मिळेल? आणि शिकायला कुठे जायचं? (हा बऱ्याच जणांचा आहे.)

उत्तर : सामानाला बुधवार पेठेतली तापकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे खरं, पण रेझिस्टर दोन कमी पडले म्हणून पार्सलची वाट बघायची का, आणि काउंटरवरच्या माणसाला काय करायचंय ते सांगितलं तर तो बऱ्याचदा योग्य पार्ट हातात देतो. आर्डुइनोची नक्कल बरीच स्वस्त पडते, सुरुवातीला चालते, फक्त तिच्यावर सीएच-340 नावाची चिप असेल तर लॅपटॉपला ड्रायव्हर घालावा लागू शकतो, बोर्ड दिसतच नाही म्हणून लोक परत करायला येतात ते याचमुळे. जुन्या मोटरी, स्प्रिंगा, खेळण्यांतले गिअर यांना बुधवार-रविवारचा जुना बाजार.

शिकायचं म्हणाल तर यूएसबी वायर घेऊन मित्राबरोबर बसणं हाच मुख्य क्लास. तरी वर्कशॉपची हवा लागावी असं वाटत असेल तर शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रमात जाऊन या, तिथे 2002 मध्येच फॅब लॅब (कुणालाही मशीन वापरून वस्तू बनवता येतील अशी कार्यशाळा) सुरू झाली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी. जायच्या आधी विचारून जा.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे, हडपसरला राहतो. तिला हे सगळं फार आवडतं. आत्ताच आर्डुइनो देऊ का?

उत्तर : देऊ नका अजून. आधी स्क्रॅच (ठोकळे जोडून कोड करायचं मुलांचं सॉफ्टवेअर), त्यात वेबकॅम वापरायचा जोड आहे, हात हलवून फुगे फोडणं वगैरे ती एका दुपारी करेल. मग मायक्रोबिट (मुलांसाठीचा छोटा बोर्ड), त्यात हालचाल आणि उजेडाचे सेन्सर आतच असतात, वायरी लागत नाहीत. आणि आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतली अरविंद गुप्तांची टाकाऊतून केलेली खेळणी तिला दाखवा, त्यांची पुस्तकं मराठीतही नेटवर मोफत आहेत. ज्या मुलीने स्ट्रॉ आणि चुंबकाने काहीतरी हलवलंय तिला सेन्सर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

प्रश्न : तीन दिवसांचं प्रदर्शन आहे, काम दिवसभर चालू राहील का याची धास्ती वाटते.

उत्तर : वाटायलाच हवी. लॅपटॉपची झोप, स्क्रीनसेव्हर आणि अपडेट आधी बंद करा. लॅपटॉप सुरू केला की तुमचा प्रोग्रॅम आपोआप उघडेल असं लावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नसाल आणि शिपाईमामा बटण दाबतील. कोडमध्ये मोठे डिले (थांबून राहायची आज्ञा) टाकू नका, त्या वेळात सेन्सरकडे कोणी बघत नसतं, मिलिस (सुरू झाल्यापासून किती वेळ गेला ते सांगणारं फंक्शन) वापरून वेळ मोजा. घरी एक रात्रभर चालू ठेवून बघा. ब्रेडबोर्डवरच्या (वायरी नुसत्या खोचायच्या पट्टीवरच्या) वायरी लोकांच्या चालण्याने पण निसटतात, तेव्हा सोल्डर करा, निदान टेपने दाबा. सेन्सर आणि यूएसबी वायर एकेक जास्तीची पिशवीत असू द्या. आणि भिंतीला लावलेल्या कागदावर मराठीत तीन ओळी लिहा, बंद पडलं तर कुठलं बटण कधी दाबायचं, आणि खाली तुमचा मोबाईल नंबर.